शझाम, गुगल, साउंडहाउंड, हूसॅम्पल्ड: अडलेलं गाणं कुणाकडे न्यावं?

ओठांवर चाल आहे, शब्द आठवत नाहीत. किंवा अंतऱ्यातले चार शब्द आठवतात, चाल पार निसटली आहे. किंवा दादरच्या फलाटावर कुणाच्या तरी मोबाइलवर दहा सेकंद काहीतरी वाजलं आणि तेवढ्यात गाडी आली. ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत. बहुतेक जण तिन्ही वेळा शझामच उघडतात, दोनदा हात हलवत परततात आणि अॅपच्या नावाने बोटं मोडतात. या परीक्षणात प्रत्येक सेवा एकाच कसोटीवर पाहिली आहे: तुमच्या हाती नेमकं काय आहे? ध्वनिमुद्रण, चाल, की शब्द? अमक्याने तमक्याचं गाणं ढापलं, असा वाद न्यायालयात गेला की तिथेही आधी हेच विचारलं जातं. म्हणून शोधापासून वादापर्यंतचा सगळा प्रवास इथे एकत्र घेतला आहे.

शझाम: ध्वनिमुद्रण हाती असेल तर

शझाम 2002 मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालं. तेव्हा ते अॅप नव्हतं. 2580 हा क्रमांक फिरवून फोन स्पीकरकडे धरायचा, मग गाण्याचं नाव एसएमएसने यायचं. 2018 पासून ते अॅपलकडे आहे. फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि आपलं काम चोख करतं. पण ते काम कोणतं, हे समजून घ्यायला हवं.

शझाम ऐकलेल्या आवाजाचा आलेख काढतं आणि त्यातले फक्त ठळक बिंदू ठेवतं: कोणत्या क्षणी कोणती कंपनसंख्या सगळ्यांत जोरात आहे. मग दोन-दोन बिंदूंच्या जोड्या लावतं. पहिल्याची कंपनसंख्या, दुसऱ्याची कंपनसंख्या आणि दोघांमधला वेळ, या तीन गोष्टींचा एक अंक बनतो. असे शेकडो अंक साठ्यातल्या ज्या गाण्याशी त्याच क्रमाने, त्याच अंतराने जुळतात, ते उत्तर. गायक कोण, राग कोणता, शब्द काय, यातलं त्याला काहीही कळत नाही आणि कळायची गरजही नाही.

त्याची ताकद आणि मर्यादा दोन्ही यातच आहेत. लोकलचा खडखडाट, हॉटेलातल्या भांड्यांचा आवाज, रिक्षाचा हॉर्न हे स्वतःचे जादा बिंदू घालतात, पण गाण्याचे जोरदार बिंदू पुसत नाहीत. त्यामुळे भर गर्दीतही आठ-दहा सेकंदांत उत्तर मिळतं. भुयारी मेट्रोत रेंज गेली तरी बटण दाबून ठेवा. ऐकलेला तुकडा फोनमध्ये राहतो आणि नेटवर्क आलं की ओळख पटते. आयफोनवर तर अॅप उघडायचीही गरज नाही, कंट्रोल सेंटरमध्ये संगीत ओळखण्याचं बटण लावून ठेवता येतं. दहा सेकंदांच्या तुकड्यासाठी हे बटण पहिल्या पानावर असलंच पाहिजे. फोन खिशातून काढून अॅप शोधेपर्यंत मुखडा संपलेला असतो.

मात्र हे सगळं त्याच ध्वनिमुद्रणापुरतं. शिवाजी मंदिरात ऑर्केस्ट्राने तेच गाणं कितीही हुबेहूब वाजवलं तरी शझामच्या लेखी ते वेगळं गाणं. विसर्जनाच्या मिरवणुकीतला बेंजो, लग्नातला ब्रास बँड, तुमचं गुणगुणणं, सगळं बाद. डीजेने वेग आणि पट्टी चढवली की बिंदूंमधली अंतरं बदलतात आणि तिथेही ते गप्प बसतं. वर्सोवा-वसई पट्ट्यातल्या कोळीगीतांच्या, कलापथकांच्या, छोट्या कंपन्यांच्या कॅसेटी डिजिटल साठ्यात कधी आल्याच नसतील तर जुळवायला समोर काही नसतंच.

चुकीचं उत्तर क्वचित येतं, पण अर्धवट उत्तर नेहमी येतं. जुन्या गाण्याला चित्रपटाचं नाव न दाखवता एखाद्या ‘सदाबहार’ संकलनाचं नाव आणि डिजिटल प्रकाशनाचं साल दाखवलं जातं. 1960 च्या दशकातल्या गाण्यापुढे 2000 नंतरचं साल दिसलं तर ते गाण्याचं नसतं, ते अपलोडचं असतं. दुसरी गफलत व्हर्जन रेकॉर्डिंगची. 1980 आणि 90 च्या दशकांत टी-सीरीजने जुनी गाणी अनुराधा पौडवाल, सोनू निगम यांच्या आवाजात नव्याने बाजारात आणली. अनेकांच्या कानात तीच कॅसेट बसली आहे. शझामने आणलेला मूळ आवाज ऐकून ‘हे ते नाही’ असं वाटलं तर तुमची आठवण खोटी नाही. तुम्ही दुसरं ध्वनिमुद्रण ऐकलं होतं. तीच गोष्ट रेकॉर्डची. चित्रपटातला एखादा अंतरा रेकॉर्डवर नसणं ही जुन्या काळची नेहमीची बाब आहे, आणि डिजिटल साठा बहुतेक रेकॉर्डवरून भरलेला आहे.

गुगल: चाल हाती असेल तर

गुगलने ऑक्टोबर 2020 मध्ये गुणगुणून शोधण्याची सोय दिली आणि मराठी-हिंदी श्रोत्यांच्या दृष्टीने खरी क्रांती तिथे झाली. गुगल अॅपमधला माइक दाबा, ‘गाणं शोधा’ निवडा आणि दहा ते पंधरा सेकंद गा, गुणगुणा किंवा शीळ घाला. इथे वाद्यं, आवाजाचा पोत, पट्टी सगळं बाजूला काढून फक्त स्वरांची चढ-उतार आणि त्यांची लांबी उरवली जाते. म्हणून काळी एकमध्ये गायलात काय किंवा पांढरी पाचमध्ये, फरक पडत नाही. उत्तरापुढे किती टक्के जुळलं तेही दिसतं.

गायचं कसं, यावर निम्मं यश अवलंबून आहे. तोंड मिटून ‘हं हं’ केल्यास एक स्वर संपून दुसरा कुठे सुरू झाला ते यंत्राला नीट कळत नाही; ‘ता ना ना’ अशी अक्षरं वापरा, प्रत्येक स्वराला टोक येतं. हरकती, मुरक्या गाळा. ज्या ओळीत चाल भरपूर हलते ती घ्या. एकाच स्वरावर रेंगाळणारी ओळ हजार गाण्यांशी जुळते. मागे तानपुरा किंवा टीव्ही नको. लय मध्येच ओढू नका. पहिल्या खेपेला मुखडा फसला तर लगेच अंतरा गाऊन बघा. बँडवाले वाजवत असतील तर फोन त्यांच्यासमोर धरू नका. चाल मनात पक्की करा, कोपऱ्यात जा आणि स्वतः गा.

फसतं कुठे? बरेचदा आपल्याला आठवतो तो मुखडा नसतोच, सुरुवातीचा किंवा दोन कडव्यांमधला म्युझिक पीस असतो. व्हायोलिनचा, अॅकॉर्डियनचा, मेंडोलिनचा. असा पीस गाऊन उत्तर मिळण्याची शक्यता फार कमी. दुसरी अडचण पारंपरिक चालींची. ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ गुणगुणली की डझनभर ध्वनिमुद्रणं समोर येतात. ओळख बरोबर, पण तुम्हाला हवी असलेली आरती त्यात कोणती ते यंत्र सांगू शकत नाही. एकच चाल दोन भाषांत गेली की तेच होतं. ‘सैराट’ (2016) मधलं ‘झिंगाट’ गुणगुणा, मराठीही येईल आणि ‘धडक’ (2018) मधलं हिंदीही. शझाम मात्र ती दोन्ही क्षणात वेगळी करतं. म्हणून आमची शिफारस जोडीची: गुगलने चाल शोधा, सापडलेलं गाणं वाजवून खात्री करा, आणि नेमकं कोणतं ध्वनिमुद्रण हा प्रश्न शझामवर सोडा.

साउंडहाउंड हे काम गुगलच्या कितीतरी आधीपासून करतंय, गाणं आणि गुणगुणणं दोन्ही ऐकतं. फुकटच्या आवृत्तीत जाहिराती आहेत. इंग्रजी गाण्यांना ठीक. मराठीसाठी गुगल असताना वेगळं ठेवण्याचं कारण दिसत नाही.

शब्द हाती असतील तर

इथे अॅप विसरा. मराठीत ‘आठवणीतली गाणी’ या संकेतस्थळाला तोड नाही. गीतकार, संगीतकार, गायक, राग अशा सगळ्या वाटांनी शिरता येतं आणि श्रेयनोंदी काळजीपूर्वक केलेल्या असतात, जे मोठमोठ्या कंपन्यांच्या स्ट्रीमिंग सेवांना जमलेलं नाही. अडचण एवढीच की गाणी मुखड्याच्या नावाने लावलेली असतात आणि आपल्याला आठवतो अंतरा. अशा वेळी गुगलच्या शोधपट्टीत आठवणारे तीन-चार शब्द अवतरणचिन्हांत टाका आणि पुढे संकेतस्थळाचं नाव लिहा.

तरीही हाती काही लागलं नाही तर शब्दांचं लेखन बदलून बघा. ‘डोळं’ आणि ‘डोळे’, ‘हृदयी’ आणि ‘हृदयीं’. एक खोच फार थोड्यांना माहीत असते: ‘दर्याच्या’ मधला रफार वेगळा आणि ‘साऱ्या’ मधला अर्धा र वेगळा, आणि हा दुसरा र संगणकात दोन पद्धतींनी लिहिला जातो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, शोधयंत्राला दिसत नाहीत. तो शब्द वगळून उरलेली ओळ शोधणं सगळ्यांत सोपं.

रीमिक्समुळे शब्दांची आठवण भलत्याच नावाखाली साठते. 2002 मधलं ‘काँटा लगा’ मूळ ‘समाधी’ (1972) या चित्रपटातलं, आणि सूचीत ते ‘बंगले के पीछे’ या नावाने आहे. त्याच वर्षीचं ‘कलियों का चमन’ शोधायचं तर ‘थोडा रेशम लगता है’ म्हणून शोधावं लागतं. हिंदी चित्रपटगीतांसाठी हरमंदिर सिंह ‘हमराज’ यांचा ‘हिंदी फिल्म गीत कोश’ आजही शेवटचा शब्द आहे. चित्रपटागणिक गाणी आणि रेकॉर्डचे क्रमांकही त्यात मिळतात.

हूसॅम्पल्ड, आणि कानाने करायची पडताळणी

कुणी कुणाचं काय घेतलं, हे सांगणारी सर्वांत मोठी सूची म्हणजे 2008 पासून चालू असलेलं हूसॅम्पल्ड. दोन गाणी शेजारी-शेजारी ठेवतं, दोन्हींत तो तुकडा कितव्या सेकंदाला येतो ते देतं, आणि मुख्य म्हणजे प्रकार वेगळे करतं: मूळ ध्वनिमुद्रणाचा तुकडा थेट कापून लावला, की तीच चाल नव्याने वाजवून घेतली. हा भेद पाळणारी दुसरी सार्वजनिक सूची आमच्या पाहण्यात नाही. ब्रिटनी स्पिअर्सच्या ‘टॉक्सिक’मधले तंतुवाद्यांचे सपकारे ‘एक दूजे के लिए’ (1981) मधल्या ‘तेरे मेरे बीच में’ चे आहेत. ब्लॅक आइड पीजच्या 2005 सालच्या गाण्यात कल्याणजी-आनंदजींची ‘डॉन’ आणि ‘अपराध’ मधली दोन गाणी एकत्र आली आहेत. अशा गोष्टी तिथे पटकन सापडतात. मराठीत मात्र सूची फारच तोकडी. नोंदी वापरकर्ते भरतात, आणि मराठी ऐकणाऱ्यांनी त्या फारशा भरलेल्या नाहीत.

तिथे नसलेलं सॅम्पल, म्हणजे दुसऱ्या गाण्यातून कापून लावलेला तुकडा, पकडायचं तर ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर घ्या. नव्या गाण्यातला संशयास्पद तुकडा असा कापा की वर गायन नसेल आणि ड्रम कमीत कमी असेल; बहुधा पहिली चार-आठ सेकंद. तो शझामला ऐकवा. कच्चा लूप, म्हणजे फेरफार न करता पुन्हा पुन्हा वाजवलेला तुकडा, असेल तर कधीकधी थेट मूळ गाणंच उत्तरात येतं. नाही आलं तर वेग बदललेला आहे असं धरून चाला. वेग आणि पट्टी एकत्र बदलणारा इफेक्ट निवडा. एक स्वर, म्हणजे पेटीची एक पट्टी, खाली आणायला उणे 5.61 टक्के, दोन पट्ट्यांना उणे 10.91, वर न्यायला अधिक 5.95 आणि अधिक 12.25. प्रत्येक पायरीवर पुन्हा ऐकवा. वेग तसाच ठेवून फक्त पट्टी बदलणारा इफेक्ट इथे कामाचा नाही, कारण जुन्या सॅम्पलरमध्ये, म्हणजे असे तुकडे वाजवणाऱ्या यंत्रात, दोन्ही एकत्रच बदलायचे. चार पट्ट्या खाली-वर करूनही शझाम गप्प राहिलं, पण गुगल चाल ओळखतंय, तर तुकडा कापलेला नसून पुन्हा वाजवून घेतला असण्याची शक्यता मोठी. वादात या एका फरकाने सगळं बदलतं.

मालक कोण? इथे सगळ्या सेवा नापास

एका गाण्यात तीन मालमत्ता असतात: ध्वनिमुद्रण, चाल आणि शब्द. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचं संरक्षण प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं, तर चाल आणि शब्द यांचं त्या-त्या कर्त्याच्या निधनानंतर 60 वर्षं. एरिक सर्मन या अमेरिकी रॅपरने 2002 च्या ‘रिअॅक्ट’मध्ये ‘ताजमहल’ (1963) मधल्या कव्वालीची एक ओळ कापून लावली. कुणाला आत्महत्येचीच हौस असेल तर कोण काय करणार, अशा अर्थाची ती ओळ, आणि रॅपमध्ये तिच्यावरचं उत्तर आहे ‘ती जे काही म्हणाली ते’! आज त्या कव्वालीचा हिशेब मांडला तर ध्वनिमुद्रणाची मुदत 2023 अखेर संपली. संगीतकार रोशन 1967 मध्ये गेले, म्हणून चाल 2027 अखेरपर्यंत संरक्षित. साहिर लुधियानवी 1980 मध्ये गेले, म्हणून शब्द 2040 अखेरपर्यंत. एकच गाणं, तीन तारखा. एकही अॅप हे दाखवत नाही.

कोळीगीतांबाबतचा गैरसमज तर मुंबईत घरोघरी आहे. ‘मी डोलकर’ हे वेसाव्याचं पारंपरिक गाणं समजून कुणीही उचलतं. ते शांता शेळके यांनी लिहिलं आहे आणि हृदयनाथ मंगेशकरांनी बांधलं आहे. शांताबाई 2002 मध्ये गेल्या. नुसते शब्द घेतले तरी 2062 अखेरपर्यंत परवानगी लागणार.

आता मालकीची गुंतागुंत. ‘ज्योति’ (1981) मधलं ‘थोडा रेशम लगता है’ अमेरिकी गायिका ट्रूथ हर्ट्सच्या ‘अॅडिक्टिव्ह’ (2002) मध्ये अगदी उघड ऐकू येतं, ओळखायला कुठलंही यंत्र लागत नाही. 2003 मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने बप्पी लाहिरींचं नाव छापल्याशिवाय सीडी विकायला मनाई केली. पण पुढे प्रश्न कॉपीराइटचा आला तेव्हा चित्र उलटलं. लाहिरींनी चाल निर्मात्यासाठी मोबदला घेऊन बांधली होती, त्यामुळे हक्क त्यांच्याकडे नव्हताच. ज्या वकिलांनी तो दावा रेटला त्यांना प्रतिपक्षाच्या खर्चापोटी सुमारे 2 लाख 47 हजार डॉलर भरण्याचा आदेश 2010 मध्ये अपील न्यायालयाने कायम केला. ‘आराधना’ (1969) मधलं ‘बागों में बहार है’ अमेरिकी निर्माता टिंबालँडने ‘द गेम’ या रॅपरच्या गाण्यात वापरलं म्हणून सारेगामा कंपनी अमेरिकेत लढली आणि 2011 मध्ये हरली. कारण 1967 चा करार! त्यातला ध्वनिमुद्रणावरचा विशेष हक्क दोन वर्षांचाच होता, असा अर्थ न्यायालयाने लावला. कान बरोबर होते, कागद कमी पडला.

मुंबईतलं उदाहरण फोर्टमधल्या उच्च न्यायालयाचं. संगीतकार राम संपतने सोनी एरिक्सनच्या जाहिरातीसाठी ‘थम्प’ हा तुकडा बांधला होता. तो ‘क्रेझी 4’ च्या गाण्यांत वापरल्याचा दावा त्याने एप्रिल 2008 मध्ये केला. चित्रपट प्रदर्शनाच्या तोंडावर न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला आणि निर्मात्यांनी 2 कोटी रुपये देऊन तडजोड केली. लांबी मोजून हा निकाल लागला नाही. तो तुकडाच गाण्याचा प्राण आहे का, आणि सामान्य श्रोत्याच्या कानाला तो उचललेला वाटतो का, हे पाहिलं गेलं. ‘सात सेकंदांपर्यंत चालतं’, ‘तीस सेकंदांपर्यंत माफ’ असं स्टुडिओत छातीठोक सांगणारे भेटतात. भारतीय कायद्यात असा सेकंदांचा नियम कुठेही नाही.

नव्याने गाऊन कव्हर काढायचं असेल तर 2012 च्या दुरुस्तीतलं कलम 31 सी आहे: मूळ ध्वनिमुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षं जायला हवीत, आगाऊ सूचना आणि रॉयल्टी द्यावी लागते, तीही वर्षाला किमान 50,000 प्रतींच्या हिशेबाने. विशिष्ट भाषेसाठी हा आकडा कमी करण्याची तरतूद आहे. चाल-शब्दांत बदल मात्र चालत नाहीत. म्हणजे रीमिक्स या कलमात बसत नाही, आणि मूळ तुकडा कापून लावणं तर मुळीच नाही. त्यासाठी ध्वनिमुद्रणाच्या मालकाची वेगळी परवानगी हवी.

यूट्यूबवर कंटेंट आयडीचा, म्हणजे गाणी आपोआप जुळवून पाहणाऱ्या यंत्रणेचा, दावा आला तर आधी तो कशावर आहे ते वाचा: ध्वनिमुद्रणावर की चालीवर. स्वतः गायलेल्या पारंपरिक आरतीवर ध्वनिमुद्रणाचा दावा आला असेल तर हरकत घ्या. समोरच्याला उत्तराला 30 दिवस असतात. त्याने नाकारलं तर अपील, मग त्याला 7 दिवस. अपिलानंतर त्याने व्हिडिओ काढायला लावला तर चॅनेलवर स्ट्राइक बसते, तेव्हा शब्द आणि चाल दोन्ही खरोखर जुनी आहेत याची खात्री नसेल तर तो तुकडा म्यूट करून मोकळे व्हा.

मटन स्ट्रीट

यंत्रं थकली की चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर रेकॉर्डची दुकानं आहेत. पुराव्यासाठी रेकॉर्डसारखं काही नाही. लेबलवर चित्रपट, संगीतकार, गीतकार आणि क्रमांक असतो, आणि वर्तुळातल्या ‘पी’ पुढचं साल ध्वनिमुद्रणाच्या प्रसिद्धीचं असतं. संकलनाच्या एलपीवर हेच साल पुनर्मुद्रणाचं निघू शकतं, म्हणून मूळ ईपी मागा: सात इंची, बहुधा चार गाणी. कव्हर आणि आतली तबकडी एकाच क्रमांकाची आहे का ते दुकानातच ताडून बघा. अदलाबदल सर्रास होते. लेबलशेजारी, खोबणी संपते तिथे कोरलेला क्रमांकही टिपून घ्या. लेबल फाटलं तरी तो राहतो. शुक्रवारी जाऊ नका, दुकानं बंद असतात.